कर्जापोटी जमीन: अमेरिकेच्या सरहद्दीवर देणी कशी मिटवत (१७६८ ते १८५०)

दस्तवाचक:
केंटकी, टेनेसी, जॉर्जिया इथली अठराव्या शतकाच्या अखेरची खरेदीखतं वाचताना एक गोष्ट वारंवार दिसते. मोबदल्याच्या रकान्यात रोख रक्कम असते, "मिळाली, भरून पावलो" असंही लिहिलेलं असतं, पण पैसा हातातून हातात गेलेलाच नसतो. जुनं देणं वळतं केलेलं असतं. अ‍ॅपलेशियन डोंगरांपलीकडे चांदीची नाणी फार थोडी होती. दुकानदाराची उधारी कातडी, जिनसेंग (एक औषधी मुळी), तंबाखू, व्हिस्की अशा मालात फिटायची, आणि माल पुरला नाही की उरायची ती जमीनच.

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात हे इतकं सरळ नव्हतं. विनातारण कर्जासाठी सावकाराला देणेकऱ्याची जमीन विकायला लावता येत नसे. 'एलेजिट' नावाच्या हुकमाने फार तर निम्म्या जमिनीचं उत्पन्न कर्ज फिटेपर्यंत खाता येई. १७३२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने व्यापाऱ्यांच्या तक्रारींवरून अमेरिकेतल्या वसाहतींसाठी वेगळा कायदा केला. त्याने जमीन, घरं आणि गुलाम म्हणून राबवली जाणारी माणसं, हे सगळं जंगम मालासारखं कर्जापोटी विकण्याजोगं ठरलं. पुढे सरहद्दीवर, म्हणजे गोऱ्यांच्या नव्या वस्तीच्या कडेला, जे घडलं त्याचं मूळ मला या कायद्यात दिसतं.

या धाग्यात कागदांबद्दल बोलू या. कोणत्या कागदाने जमीन जायची आणि तो कागद कुठे कच्चा पडायचा?

मोजणीदार:
सुरुवात केंटकीपासून करतो, कारण सर्वांत जास्त घोळ तिथे झाला. १७९२ पर्यंत तो व्हर्जिनियाचा भाग. व्हर्जिनियाच्या १७७९ च्या कायद्याप्रमाणे जमीन मिळवायच्या चार पायऱ्या होत्या. आधी वॉरंट, म्हणजे इतके एकर घ्यायचा नुसता हक्क, जागा न ठरलेला. मग एन्ट्री, म्हणजे कौंटीच्या (जिल्ह्यासारखा विभाग) मोजणी अधिकाऱ्याच्या वहीत जागेचं वर्णन. मग प्रत्यक्ष मोजणी, आणि शेवटी गव्हर्नरच्या सहीचं पेटंट. १ जानेवारी १७७८ पूर्वी वस्ती केलेल्याला ४०० एकर, आणि लगतचे १,००० एकर आधी विकत घ्यायचा हक्क.

मुद्दा असा की कर्जापोटी दिलेली जमीन बहुतेक वेळा या चारपैकी मधल्याच कुठल्यातरी पायरीवर असायची. पेटंट झालेलं नसेल तर खरेदीखत करायला हातात मालकीच नाही. मग वॉरंटच्या किंवा मोजणीच्या दाखल्याच्या पाठीवर दोन ओळी लिहून सही करायची: हा हक्क अमक्याला दिला. एकाच दाखल्याच्या पाठीवर तीन-तीन सह्या सापडतात. पहिल्याने दुसऱ्याचं देणं फेडलं, दुसऱ्याने तोच कागद तिसऱ्याला दिला. शेवटी पेटंट निघतं ते तिसऱ्याच्या नावे, "अमक्याचा हक्कग्राही" असा उल्लेख करून. हा उल्लेख दिसला की थांबून मूळ दाखला शोधावा. कर्जाची साखळी तिथे सापडण्याची शक्यता मोठी.

एन्ट्रीबद्दल कायद्याची अट कडक होती. वर्णन इतकं नेमकं हवं की दुसऱ्या माणसाला उरलेली जमीन बिनचूक घेता यावी. प्रत्यक्षात लिहिलं जायचं "मोठ्या झऱ्याच्या वरच्या अंगाला, खुणेच्या झाडापासून पूर्वेकडे". अशी खुणेची झाडं प्रत्येक ओढ्याकाठी असायची. त्यामुळे एकाच जमिनीवर कौलं रचावीत तसे दावे एकावर एक चढले. देणेकऱ्याने प्रामाणिकपणे ५०० एकर दिले आणि सावकाराला वर्षांनी कळलं की त्यातल्या ३०० वर आधीची एन्ट्री आहे, असं सर्रास व्हायचं.

मापाबद्दल आपल्याकडच्या वाचकांसाठी एक सांगतो. गंटरची साखळी ६६ फुटांची, १०० कड्यांची. पोल म्हणजे तिचा चौथा भाग, साडेसोळा फूट. रानात, चढउतारावर पूर्ण साखळी ओढणं जड जाई म्हणून अर्धी, दोन पोलांची, ३३ फुटी साखळी वापरत. आपला गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट आणि आपल्या जुन्या मोजणीची सोळा आण्यांची साखळीही ३३ फुटांचीच. दोन्हीकडे मूळ इंग्रजांचा एकर. त्यामुळे केंटकीच्या नकाशावर "४० पोल" दिसलं की ३३ फुटी २० साखळ्या समजा आणि आपल्या सवयीने हिशोब करा, चुकणार नाही.

पांथस्थ:
मोजणीदार, म्हणजे सावकाराच्या हाती आलेली जमीन नंतर दुसऱ्याची निघाली तर जुनं कर्ज पुन्हा जिवंत व्हायचं का? की एकदा जमीन दिली म्हणजे विषय संपला?

दस्तवाचक:
जमीन दिली की विषय संपला, हा समज चुकीचा आहे, आणि त्यावर बरीच घराणी बुडाली. सगळं हमीच्या कलमावर अवलंबून.

पूर्ण हमीचं खत असेल तर देणाऱ्याने स्वतःच्या आणि वारसांच्या वतीने कबूल केलेलं असतं की जगातल्या कोणाचाही दावा आला तरी मी निस्तरीन. जमीन गेली की सावकार या कलमावर दावा लावतो आणि व्यवहारात धरलेली किंमत व्याजासह मागतो. मर्यादित हमीत देणारा फक्त आपल्यामार्फत आलेल्या दाव्यांना जबाबदार. आणि तिसरं खत म्हणजे नुसतं हक्कसोड: माझा जो काही हक्क असेल तो तुला, असेल किंवा नसेल. जाणता सावकार कर्जापोटी हक्कसोड घेत नसे, घेतलंच तर जमीन निम्म्याहून कमी भावाने लावून घेई.

पेटंटच्या आधीचे व्यवहार बहुधा बंधपत्रावर चालत. "पेटंट निघाल्यावर खत करून देईन, न दिल्यास इतका दंड," आणि दंडाची रक्कम रिवाजाने किमतीच्या दुप्पट. आता विचार करा. ज्याने कर्ज फेडायला असं बंधपत्र दिलं त्याचा दावा कोर्टात पडला तर तो मूळ देण्याच्या दुप्पट रकमेच्या कागदाखाली येतो. न्यायालय शेवटी प्रत्यक्ष नुकसानीपुरतीच रक्कम देई हे खरं, पण तोवर खटल्याचा खर्च बसलेला.

केंटकीत वस्ती नेणारा प्रसिद्ध वाटाड्या डॅनियल बून याचं हेच झालं. त्याने स्वतःसाठी आणि इतरांसाठी केंटकीत हजारो एकरांच्या एन्ट्र्या केल्या, बंधपत्रं दिली, आणि दावे पडत गेले तसा तो देणेकरी होत गेला. १७९९ मध्ये तो स्पेनच्या ताब्यातल्या मिसूरीत गेला. तिथे मिळालेली जमीन अमेरिकेचं राज्य आल्यावर हातची गेली. १८१४ मध्ये काँग्रेसने त्यातली सुमारे ८५० एकर परत मान्य केली, आणि तीही केंटकीच्या सावकारांना भागवण्यासाठी विकली गेली.

जागा शोधून देणाऱ्या 'लोकेटर'ची मजुरीही जमिनीतच असायची, तिसरा हिस्सा किंवा कधी निम्मा. म्हणजे देणं जमिनीमुळे निर्माण झालं आणि फिटलंही जमिनीने, तेही पेटंटच्या आधी. ज्याच्या कागदावर लोकेटरचा हिस्सा वेगळा मोजून दाखवलेला नाही, तिथे पुढच्या पिढीत वाटणीचा दावा ठरलेला.

सीमारेषा:
तुम्ही सगळे दक्षिणेतच अडकलात, म्हणून ईशान्येच्या न्यू इंग्लंडातलं, मेन आणि व्हर्माँटकडचं सांगते. ती पण त्या काळची सरहद्दच होती, आणि कर्जापोटी थेट जमीन द्यायची सर्वांत स्वच्छ पद्धत न्यू इंग्लंडात होती. तिथे लिलाव नव्हता. हुकूमनामा मिळाला की अधिकारी तीन मूल्यमापक नेमायचा: एक सावकाराचा, एक देणेकऱ्याचा, एक अधिकाऱ्याने निवडलेला. तिघे शपथ घेऊन जमिनीवर जात, भाव ठरवत आणि कर्ज अधिक खर्च भागेल एवढाच तुकडा चतुःसीमा टाकून वेगळा काढत. ३०० एकरांच्या शेतात कर्ज ४० एकरांचं असेल तर ४० एकरच जात. अधिकाऱ्याचा अहवाल नोंदणी कचेरीत चढला की तोच मालकीचा कागद, वेगळं खरेदीखत लागत नसे. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात (मेन १८२० पर्यंत त्याच राज्यात) देणेकऱ्याला एका वर्षात पैसे भरून तुकडा सोडवून घेता येई.

चुका कुठे व्हायच्या? देणेकऱ्याला आपला मूल्यमापक निवडायची संधी दिली होती, असं अहवालात लिहायचं राहून गेलं की सगळी कारवाई लटकी पडायची. आणि तुकडा काढताना पाण्याची वाट किंवा रस्ता कोणाकडे जातो हे न लिहिल्याने भांडणं.

पेनसिल्व्हेनियात आणखी एक टप्पा होता, १७०५ पासूनचा. जप्तीनंतर ज्यूरी बसून विचार करायची: या जमिनीच्या सात वर्षांच्या उत्पन्नात कर्ज फिटेल का? फिटत असेल तर सावकाराने तेवढी वर्षं उत्पन्न खायचं, मालकी देणेकऱ्याचीच. फिटत नसेल तरच विक्री. पश्चिमेच्या नव्याने तोडलेल्या रानाला उत्पन्न कुठलं? म्हणून कायदा सगळ्यांना एकच असला तरी सरहद्दीच्या कौंट्यांत जमीन थेट विक्रीला जाण्याचा धोका जास्त होता. नियमाचा फायदा जुन्या, लागवडीखालच्या शेतांना मिळायचा. मला हे अन्यायाचं वाटतं.

पांथस्थ:
सीमारेषाताई, केंटकीत मग लिलावच? तिथे भाव पडायचे नाहीत का?

दस्तवाचक:
पडायचेच. केंटकीने वेगळं राज्य झाल्यावर लगेच जमीन कर्जाला पात्र ठरवली. शेरीफ जप्ती करी, जाहिरात लावी आणि कोर्टाच्या दारात लिलाव करी. बोली लावणारे कमी, रोकड त्याहून कमी, त्यामुळे बहुतेक वेळा सावकारच बोली लावून आपल्याच हुकूमनाम्यात वळती करून घेई. आणि शेरीफच्या खताला हमी नसते. देणेकऱ्याचा जेवढा हक्क तेवढाच सरकतो.

१८१९ च्या मंदीत हे इतकं वाढलं की विधिमंडळं मध्ये पडली. केंटकीने १८२० च्या अखेरीस सावकारापुढे पर्याय ठेवला: नव्या सरकारी बँकेच्या नोटा घ्या, नाहीतर वसुलीसाठी दोन वर्षं थांबा. इलिनॉयने १८४१ मध्ये ठरवलं की मूल्यांकनाच्या दोन तृतीयांश बोली आल्याशिवाय विक्री नाही, आणि विक्रीनंतरही बारा महिने जमीन सोडवून घ्यायची मुभा. १८४३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ब्रॉन्सन विरुद्ध किंझी या खटल्यात तो कायदा आधीच्या गहाणखतांना लागू करता येणार नाही असा निकाल दिला. कराराचं बंधन राज्य सैल करू शकत नाही, हे कारण.

सीमारेषा:
एक गोष्ट पुरुष मंडळी विसरतात, आणि तेव्हाचे सावकारही विसरायचे. नवऱ्याच्या जमिनीत बायकोचा 'डॉवर' असायचा: तो गेल्यावर तिसऱ्या हिश्श्याचा हयातभर उपभोग. नवऱ्याने कर्जापोटी एकट्याच्या सहीने जमीन दिली तर तो मेल्यावर विधवा येऊन तिसरा हिस्सा मागू शकायची आणि तिला मिळायचा.

म्हणून व्हर्जिनिया-केंटकीच्या खताखाली वेगळा परिच्छेद दिसतो. न्यायाधीश किंवा जस्टिस ऑफ द पीस (स्थानिक दंडाधिकारी) तिला नवऱ्यापासून बाजूला नेऊन विचारायचे: खत वाचून समजलं का, सही राजीखुशीने करतेस का, मागे घ्यायची आहे का. हा परिच्छेद नसेल तर नुसती तिची सही किंवा फुली पुरेशी नाही. दूरच्या वस्तीवरून कोर्टापर्यंत घोड्यावर दोन दिवस लागत असतील तर ती जायचीच नाही. त्यासाठी दोन जस्टिसना तिच्या घरी पाठवायचा हुकूम काढावा लागे. तो काढायचा कंटाळा केलेली खतं पुढे वीस-तीस वर्षांनी फुटलेली दिसतात.

नोंदणीचंही सांगून टाकते. तिथे आपल्या सातबाऱ्यासारखी हक्काची नोंद नव्हती. कौंटी क्लार्क खत वहीत उतरवून घ्यायचा, बस; मालकी खरी की खोटी हे तो बघत नसे. पण ठरल्या मुदतीत खत नोंदलं नाही, आणि त्याच देणेकऱ्याने तीच जमीन दुसऱ्या, काही ठाऊक नसलेल्या माणसाला पैसे घेऊन विकली, तर पहिला सावकार उघडा पडायचा.

मोजणीदार:
आता ज्यात सावकार खुद्द अमेरिकन सरकार होतं ते प्रकरण.

१८०० च्या कायद्याने सरकारी जमीन उधारीवर विकली जाऊ लागली. भाव किमान २ डॉलर एकरी. विसावा हिस्सा तिथल्या तिथे, चाळीस दिवसांत चौथाई पूर्ण, उरलेल्या तीन चौथाया दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी, व्याज ६ टक्के. आधी किमान ३२० एकर घ्यावे लागत, १८०४ पासून १६०. पहिली चौथाई भरायला लोकांना जमायचं, पुढच्या राहायच्या. १८२० पर्यंत सरकारचं येणं २ कोटी डॉलरच्या वर गेलं. त्या वर्षी उधारी बंद झाली, भाव सव्वा डॉलर आणि किमान तुकडा ८० एकर झाला.

जुन्या देणेकऱ्यांसाठी २ मार्च १८२१ चा दिलासा कायदा आला. त्याचा गाभा म्हणजे सरकारलाच जमीन परत देऊन कर्ज फेडणं. हिशोब मांडतो. अर्धा सेक्शन, ३२० एकर, २ डॉलरने ६४० डॉलर. निम्मे, म्हणजे ३२० डॉलर भरलेत, ३२० थकलेत. १६० एकर सरकारला सोडून द्या. भरलेले ३२० डॉलर उरलेल्या १६० एकरांच्या पूर्ण किमतीइतके झाले. थकलेलं व्याज माफ, जमीन मोकळी, पेटंट हाती. जमीन सोडायची नसेल तर मुदतवाढ: चौथाई भरलेल्याला आठ वार्षिक हप्ते, निम्मे भरलेल्याला सहा, तीन चौथाया भरलेल्याला चार. आणि सप्टेंबर १८२२ अखेर रोख भरणाऱ्याला थकबाकीत साडेसदतीस टक्के सूट: १६० डॉलर थकले असतील तर १०० मध्ये मोकळा.

खरी कसोटी होती कोणता तुकडा सोडायचा यात. सरकारी मोजणीच्या रेषेवरच तोडावा लागे, वाकडातिकडा नाही. झरा उत्तरेच्या चौथाईत आणि तोडलेलं शेत दक्षिणेच्या चौथाईत आलं तर एक जाणारच. शिवाय अर्ज सप्टेंबर १८२१ अखेर जमीन कचेरीत पोचायला हवा, आणि तो त्याच माणसाने द्यायचा ज्याच्या नावे जमीन खरेदीचं सर्टिफिकेट आहे. सर्टिफिकेट आधीच दुकानदाराकडे कर्जापोटी गेलं असेल तर कोणता तुकडा ठेवायचा हे तो दुकानदार ठरवणार. शेतावर राहणाऱ्याचं त्यात काही चालत नसे.

वेलू:
इतका वेळ वाचत होते. तुम्ही गोऱ्या वस्तीकऱ्यांच्या कर्जांबद्दल बोलताय, पण सरहद्दीवर कर्जापोटी गेलेली सर्वांत मोठी जमीन त्यांची नव्हतीच, मूळ रहिवासी राष्ट्रांची होती.

१७६८ मध्ये फोर्ट स्टॅनविक्सला इरोक्वॉय राष्ट्रांकडून १७६३ च्या लढाईत व्यापाऱ्यांचा माल लुटला गेला त्याची भरपाई म्हणून ओहायो नदीजवळचा मोठा पट्टा लिहून घेतला. तो पुढे इंडियाना कंपनीचा दावा झाला. व्हर्जिनियाने १७७९ मध्ये तो झिडकारला. कंपनी सुप्रीम कोर्टात गेली, पण बाहेरच्यांना राज्यावर केंद्राच्या कोर्टात दावा लावू न देणाऱ्या अकराव्या घटनादुरुस्तीने खटला संपवला.

१७७३ मध्ये जॉर्जियात ऑगस्टाला क्रीक आणि चेरोकी यांनी २० लाखांहून जास्त एकर दिले, बदल्यात व्यापाऱ्यांची उधारी रद्द. आधी चेरोकींनी जी जमीन व्यापाऱ्यांना देऊ केली तीवर क्रीकांचाही हक्क होता, म्हणून गव्हर्नर जेम्स राइटने दोघांना एकत्र बसवलं. जमीन विकून आलेल्या पैशातून व्यापाऱ्यांना द्यायचं, अशी योजना.

१८०५ मध्ये माउंट डेक्स्टरला चॉक्टॉ राष्ट्राने ४१ लाखांहून जास्त एकर दिले. ठरलेले रोख ५०,५०० डॉलर. त्यातले ४८,००० डॉलर थेट पॅन्टन, लेस्ली या व्यापारी पेढीच्या येण्यापोटी. उरलेले २,५०० दुभाष्या जॉन पिचलिनला. राष्ट्राच्या हाती दरवर्षीचे ३,००० डॉलर, आणि तीन मोठ्या प्रमुखांना वेगळी रक्कम. रोख भाव एकरी सव्वा सेंटच्या आसपास पडतो, त्याच काळात सरकार तीच जमीन किमान २ डॉलरने विकत होतं.

आता यंत्र कसं चालायचं ते बघा. शिकारी हंगामाआधी बंदूक, बंदुकीची दारू, शिसं, कापड उधार घ्यायचा, हरणाची कातडी आणून फेडायचा. हरणं कमी झाली, कातड्याचा भाव पडला, की बाकी पुढच्या वर्षावर. ही बाकी एकेका माणसाच्या नावे. पेढी त्या सगळ्या बाक्या एकत्र करून राष्ट्राच्या नावे मांडायची, आणि फेडायला सगळ्यांची सामाईक जमीन. ज्याने एक हात कापडही उधार घेतलं नाही त्याची शिकारीची जागाही गेली. राष्ट्राध्यक्ष जेफरसनने २७ फेब्रुवारी १८०३ च्या खाजगी पत्रात इंडियाना टेरिटरीचा गव्हर्नर विल्यम हेन्री हॅरिसन याला स्पष्ट लिहिलं आहे की त्यांच्यातली वजनदार माणसं कर्जात पडलेली आम्हाला आवडतील, कारण देणी आवाक्याबाहेर गेली की ते जमीन देऊन ती तोडायला तयार होतात. सरकारी धोरण होतं हे, आणि ते गुप्त ठेव असंही त्याच पत्रात बजावलेलं आहे.

दस्तवाचक:
वेलू, हे तुम्ही आणलंत ते फार बरं झालं, मूळ धाग्यात मीच घ्यायला हवं होतं. कागदाच्या अंगाने एक जोड: १७९० च्या कायद्याने खाजगी माणसाला मूळ रहिवासी राष्ट्रांकडून जमीन घेता येत नव्हती. म्हणून पेढीला चॉक्टॉंची जमीन थेट लिहून घेता आली नाही. सरकारने तहाने जमीन घेतली आणि त्यातून पेढीला पैसे दिले. फ्लॉरिडा तेव्हा स्पेनचा, तिथे हा अडथळा नव्हता. त्याच पेढीची वारस जॉन फोर्ब्स अँड कंपनी हिने १८०४ ते १८११ या काळात सेमिनोल आणि लोअर क्रीक यांच्याकडून अपालाचिकोला नदीच्या पूर्वेला सुमारे १४ लाख एकर कर्जापोटी थेट घेतले, स्पेनची मंजुरी मिळवून. फ्लॉरिडा अमेरिकेकडे आल्यावर सरकारने हरकत घेतली, पण १८३५ मध्ये मिचेल विरुद्ध युनायटेड स्टेट्स खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते खत टिकवलं.

पांथस्थ:
आणि १७७३ च्या व्यापाऱ्यांना पैसे मिळाले का?

वेलू:
जमीन विकून पैसे उभे राहण्याआधीच क्रांतियुद्ध पेटलं, योजना बुडाली. जॉर्ज गॅल्फिन या व्यापाऱ्याचं येणं ९,७९१ पौंड ठरलेलं होतं. त्याच्या वारसांनी जॉर्जियाकडे, मग केंद्राकडे मागणी लावून धरली. १८४८ मध्ये काँग्रेसने मंजुरी दिली, मुद्दलाचे ४३,५१८ डॉलर मिळाले, आणि १८५० मध्ये व्याजाचे १,९१,३५२ डॉलर. निम्मा वाटा गेला वारसांचं काम पाहणाऱ्या जॉर्ज क्रॉफर्डला, जो त्या वेळी अमेरिकेचा युद्धमंत्री होता. तोवर त्या जमिनीवर विल्क्स कौंटी वसून सत्तर वर्षं झाली होती, आणि १८३० च्या दशकात क्रीक आणि चेरोकी दोघांनाही मिसिसिपीपलीकडे हाकलून दिलं होतं.